मांजरेकाठचा भोपळ्याचा मळा

आम्हा कळंबकर जैन कुटुंबांची दिवाळीनंतरची सहल म्हणजे बहुधा कुंथलगिरी. देशभूषण-कुलभूषण मुनींच्या त्या सिद्धक्षेत्री, जेथे १९५५ साली आचार्य शांतिसागर महाराजांनी सल्लेखना घेतली, दर्शन घ्यावे, खव्याचे पेढे बांधून घ्यावेत आणि दिवस मावळण्यापूर्वी घरी परतावे, हा आमच्याही घरचा परिपाठ. यंदा मात्र नातवंडांनी निराळा हट्ट धरला. अमेरिकेत स्थायिक झालेल्या भाचीने तिकडील भोपळ्यांच्या मळ्याची छायाचित्रे धाडली होती. ऑक्टोबर महिन्यात तिकडे कुटुंबेच्या कुटुंबे तिकीट काढून अशा मळ्यात जातात, ट्रॅक्टरच्या गाडीत बसून फिरतात आणि स्वतःच्या हाताने भोपळा निवडून आणतात. "आजोबा, आपल्याकडे नाही का असा मळा?" हा प्रश्न ओघानेच आला.

तिकिटाचा मळा आपल्याकडे नाही. आपला लाल भोपळा बांधावर, उकिरड्याच्या कडेला, फार तर उसाच्या कोपऱ्यात वाढणारा. त्याला पीक म्हणून मान नाही. परंतु थोरल्या बंधूंच्या आडतीवर वर्षानुवर्षे सोयाबीन आणि हरभरा आणणाऱ्या एका शेतकरी स्नेह्यांनी मांजरेकाठी वीस गुंठे भोपळा केला होता. "या, पण उजाडता या. दहा वाजले की फुले मिटतात," असे त्यांनी बजावले. थर्मासमधले दूध सूर्योदयानंतर दोन घटिकांनी मळ्यातच घ्यायचे ठरवून आम्ही दोन गाड्यांनी निघालो.

मांजरा येथे धाराशिव आणि बीड जिल्ह्यांची सीमा होऊन वाहते. याच नदीवरील धनेगावचे धरण २०१६ च्या उन्हाळ्यात कोरडे पडले आणि लातूरकरांना मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्या काळ्या रानात त्या दिवशी दवाने भिजलेले भोपळे पडलेले पाहून मुले गाडी थांबण्यापूर्वीच उतरू लागली.

भोपळ्याच्या वेलावर नर आणि मादी फुले वेगवेगळी असतात, हे वाणिज्य शाखेच्या मला कोणी शिकविले नव्हते. मादी फुलाच्या देठाशी सुपारीएवढा भोपळा आधीच असतो. नर फुलाचा देठ नुसताच लांब. पहाटे फूल उमलते, दुपारपर्यंत कोमेजते. तेवढ्या वेळात मधमाशीने एका फुलाचा पराग दुसऱ्यावर पोहोचविला तर फळ धरते, नाहीतर तो इवला भोपळा पिवळा पडून गळून जातो. हा पराग जड आणि चिकट. वाऱ्याने उडत नाही. नात एका फुलापुढे उकिडवी बसली आणि आतल्या माशीचे अंग परागाने पिवळे होताना कितीतरी वेळ पाहत राहिली.

अष्टमूलगुणांत मद्य आणि मांस यांच्याबरोबर मधुत्याग आपण बालपणीच शिकतो. मधाचे बोटही न चाखणाऱ्या आपल्या घरांत कंदमूळ नव्हे म्हणून आनंदाने चिरला जाणारा भोपळा माशीच्या श्रमावाचून वाढतच नाही, हे मात्र सहसा ध्यानी येत नाही. (जाता जाता: लाल भोपळा मूळचा अमेरिका खंडातला, म्हणून प्राचीन आचार्यांच्या ग्रंथांत त्याचा शोध घेऊ नये. कोहळा मात्र आशियातलाच.)

मळ्याची पूर्वेची बाजू भोपळ्यांनी भरलेली, पश्चिमेची जवळजवळ रिकामी. कारण विचारले तेव्हा ते प्रथम पावसाचे नाव सांगून गेले. मग हळूच म्हणाले, "पलीकडे सोयाबीन होते. भाद्रपदात अळी आली, रोज सकाळी फवारा चालायचा. दहा-बारा दिवस इकडे माशी फिरकली नाही. फवारू नका कसे म्हणणार? त्याचेही पीक जात होते. संध्याकाळी मारले असते तर दोघांचे भागले असते. पण त्याला दुकानात कोणी सांगितलेच नाही."

ते दुकान कोणाचे, हे त्यांनी सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही. आमच्या पुतण्याचे कळंबमध्ये कृषी सेवा केंद्र आहे. तो मान खाली घालून वेल न्याहाळत राहिला. श्रावकाला वर्ज्य सांगितलेल्या पंधरा कर्मादानांत विषवाणिज्य आहे, हे आपण पाठशाळेत घोकतो. पण औषधाविना आज शेती करा, असे कुटुंब पोसणाऱ्या शेतकऱ्याला सांगण्याचे धाडस माझ्यात नाही. बँकेत असताना अशा कित्येक दुकानांच्या कॅश क्रेडिटचे प्रस्ताव मी तपासले. साठा, उधारी, तारण सर्व पाहिले जाई. गल्ल्यावर बसणारा माणूस बाटली देताना काय सांगतो, याला मात्र अर्जात रकाना नव्हता.

मुलांनी सहा भोपळे निवडले. देठ वाळलेला आणि वाजवल्यावर घुमतो तो पक्का, अशी त्यांची परीक्षा यजमानांनी घेतली. पैसे घेण्यास ते तयार नव्हते. बंधूंनी काट्यावर वजन करून बाजारभावाने हिशेब चुकता केला. "देठ मोडू नका. देठासकट, हवेशीर ठेवा, संक्रांतीपर्यंत टिकेल," एवढे त्यांनी सुनेला दोनदा सांगितले.

घरी येताच सूनबाईंनी एक भोपळा किसून गूळ-कणकेच्या घाऱ्या करायला घेतल्या. पुतण्या जेवायला थांबला नाही. साडेपाचला डबा घेऊन मी दुकानात गेलो, तेव्हा तो कीटकनाशकांच्या खोक्यांतली माहितीपत्रके काउंटरवर पसरून, त्यांतली बारीक अक्षरे एकेक करून वाचत होता. सूर्य मावळायला थोडाच अवधी होता. मी डबा उघडून त्याच्यापुढे सरकवला.