फळीखालची ओल

सिल्वासात पहिल्या पावसाच्या आगेमागे फरशीला घाम सुटतो. बाहेरची हवा गरम आणि दमट, पायाखालची फरशी त्या मानाने थंड. मग थेंबभर पाणी न सांडताही सकाळी पावलांचे ठसे उमटतात. इथे वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक सगळा चार महिन्यांत. आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या घरी त्या दिवसांत जुन्या चादरी, गोणपाट, पंखे सगळं कामाला लागतं.

आमच्याकडे हा विषय चेष्टेचा राहिला नाही, कारण आईच्या दोन्ही गुडघ्यांची ऑपरेशनं झालेली. २०२२ च्या जूनमध्ये ती खालच्या खोलीत घसरली. हाड मोडलं नाही, पण तिने भिंत धरून चालायला सुरुवात केली. स्वतःच्या घरात, सव्वीस वर्षं राहिलेल्या खोलीत आई भिंत धरून चालते, हे बघवत नाही. फरशी बदलायची, हे त्याच आठवड्यात ठरलं.

प्रश्न होता बाबांचा. करसवलतींमुळे इथे कारखाने वाढले, तेव्हा जळगावहून आलेल्या अनेकांपैकी ते एक. धाग्याच्या कारखान्यात नोकरी केली आणि १९९६ मध्ये हे रो हाऊस घेतलं. तेव्हा मोझेकची फरशी त्यांनी एकेक नग तपासून आणली होती आणि पॉलिशवाल्याच्या शेजारी दोन दिवस उभे राहिले होते. ते एवढंच म्हणाले, "आईसाठी काय करायचं ते कर. पण माझी फरशी फोडायची नाही."

म्हणून मी लक्झरी व्हिनाइल प्लँककडे वळलो. दुकानात याला एलव्हीपी म्हणतात, दगडाची भुकटी घातलेला कडक प्रकार असेल तर एसपीसी. आमची फळी साधारण ४ फूट लांब, ७ इंच रुंद आणि साडेपाच मिलिमीटर जाड. खाली फोमचा पातळ थर, मध्ये चुनखडीची पूड आणि पीव्हीसी यांचा गाभा, त्यावर लाकडाचा छापील फोटो आणि सगळ्यात वर झीज सोसणारा पारदर्शक थर. फळीला फळी खाचेत अडकते. खिळा नाही, गोंद नाही. ही क्लिक-लॉकची पद्धत १९९० च्या दशकात स्वीडनच्या व्हॅलिंगे आणि बेल्जियमच्या युनिलिन या कंपन्यांनी लॅमिनेटसाठी रुळवली. व्हिनाइलमध्ये ती नंतर आली. म्हणजे बाबांची मोझेक खाली जशीच्या तशी राहणार आणि उद्या नको वाटलं तर फळ्या उचलता येणार.

खरं लाकूड किंवा लॅमिनेट का नाही, असं बायकोने विचारलं. आपल्या भागातली वाळवी आणि पावसाळा, दोन्ही तिला ठाऊक आहेत, त्यामुळे उत्तर द्यायची फार गरज पडली नाही. लॅमिनेटचा गाभा लाकडाच्या भुशाचा असतो, पाणी पिऊन फुगतो. व्हिनाइलला वाळवी लागत नाही, पाण्याने ते फुगत नाही. पायाला ते मोझेकइतकं गारही लागत नाही.

दुकानदार एक वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता: "साहेब, शंभर टक्के वॉटरप्रूफ." हे वाक्य खोटं नाही. फक्त ते फळीबद्दल आहे, घराबद्दल नाही.

हे मला वापीतल्या एका मित्राच्या घरी कळलं. त्यांनी तळमजल्यावर आमच्या वर्षभर आधी असंच फ्लोअरिंग करून घेतलं होतं. पहिला पावसाळा छान गेला. दुसऱ्या पावसाळ्यात खोलीत कुबट वास यायला लागला आणि सांधे वर उचलले गेले. चार फळ्या काढल्या तर खाली पांढरा खार फुललेला आणि कडेला काळी बुरशी. लावणाऱ्याने खालची ओल तपासलीच नव्हती. हमीपत्र बघितलं, तर वरून सांडलेल्या पाण्याची जबाबदारी कंपनीची, जमिनीतून येणाऱ्या ओलीची नाही. मित्राच्या धाकट्या मुलीला दम्याचा त्रास आहे. त्या घरात प्रश्न फक्त वाया गेलेल्या पैशांचा राहिला नव्हता.

त्या दिवशी मी घरी येऊन विचार करत बसलो. आपल्या जुन्या जमिनी ओलीचं काय करायच्या? शेणाने सारवलेली जमीन ओल वर सोडायची आणि ती हवेत उडून जायची. खानवेलकडच्या वारली पाड्यांवर अजून अशा जमिनी दिसतात. शहाबादी फरशीच्या सांध्यांतून ओल बाहेर पडते. मोझेक तर सिमेंटचीच, तीही थोडी थोडी श्वास घेते. म्हणूनच तीस वर्षं आपल्याला कळतही नाही की घराखाली ओल आहे. ती रोज येते आणि रोज उडून जाते. पण व्हिनाइल म्हणजे प्लास्टिक. जे वरचं पाणी खाली जाऊ देत नाही, ते खालचं पाणी वर तरी कसं येऊ देईल? वाट बंद झाली की ओल तिथेच कोंडते.

न्यू जर्सीच्या माझ्या चुलतभावाने त्याच्या बेसमेंटमध्ये दोन शनिवार-रविवारांत हेच फ्लोअरिंग स्वतः लावलं. त्याने मला व्हिडिओंची यादी पाठवली. पण तिकडे नव्या घरांत काँक्रीट ओतण्याआधीच जमिनीवर प्लास्टिकचा जाड कागद अंथरतात. आपल्याकडच्या जुन्या घरांत प्लिंथवर डीपीसीचा थर असतो, तो भिंतींसाठी. फरशीखाली मुरूम, दगडाची सोलिंग, पीसीसी आणि थेट फरशी. त्याच्या घराचे व्हिडिओ माझ्या घराला पुरणारे नव्हते.

तपासणी मात्र अगदी साधी आहे. दीड फूट लांब-रुंद जाड पारदर्शक प्लास्टिक घ्यायचं, चारही कडा टेपने फरशीला घट्ट चिकटवायच्या आणि एक दिवस थांबायचं. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला थेंब जमले किंवा फरशीचा रंग गडद झाला, तर खालून ओल येते आहे. ही तपासणी मे महिन्यात करून उपयोग नाही. जमिनीने पाणी पिऊन झाल्यावर, सप्टेंबरमध्ये करायची. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये मी सहा ठिकाणी प्लास्टिक चिकटवलं. वरच्या मजल्यावर तिन्ही कोरडी. खाली हॉलमध्ये दोन्ही कोरडी. आईच्या खोलीत मात्र थेंबच थेंब.

जिच्यासाठी हा सगळा खटाटोप, तिचीच खोली नापास.

वरच्या मजल्यावर त्या डिसेंबरमध्ये फळ्या बसल्या. आई म्हणाली, "माझ्या खोलीतही टाकून दे रे, काय व्हायचं ते होईल." तिला नाही म्हणणं जड गेलं. लावणारा म्हणत होता, एपॉक्सीचा थर मारू. त्याने ओल थांबली असती, पण बाबांची मोझेक कायमची गेली असती. बाबा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी मला घेऊन ते घरामागे गेले.

आईच्या खोलीची मागची भिंत आणि कुंपण यांच्यामध्ये आमची बाग. दरवर्षी खत आणि माती टाकून टाकून वाफा प्लिंथच्या वर चढला होता. गच्चीचा पाइपही तिथेच सुटत होता. चार महिने गच्चीभर पाऊस आईच्या भिंतीच्या पायाशी मुरत होता. बाबांनी आणि मी जानेवारीच्या तीन रविवारी माती काढून वाफा प्लिंथच्या एक वीत खाली नेला. प्लंबरकडून पाइप गटारापर्यंत वाढवून घेतला. भिंतीलगत उताराचा कोबा घातला. अळू आणि कर्दळ कुंपणाकडे गेली. आईचा अळूवर जीव, पण तिने परवानगी दिली.

२०२३ च्या सप्टेंबरमध्ये पुन्हा प्लास्टिक चिकटवलं. एक दिवस, मग खात्रीसाठी तीन दिवस. कोरडं. तरीही फळ्यांखाली पॉलिथिनचा कागद टाकला, पट्ट्या वीतभर एकमेकींवर घेऊन सांधे टेप केले. दिवाळीनंतर आईच्या खोलीत फळ्या बसल्या.

आता दोन पावसाळे झाले. ज्यांना हे करायचं आहे त्यांच्यासाठी राहून पाहिलेल्या काही गोष्टी सांगतो.

वरचा थर मिलमध्ये सांगतात. मिल म्हणजे मिलिमीटर नव्हे, इंचाचा हजारावा भाग. १२ मिल म्हणजे ०.३ मिलिमीटर, २० मिल म्हणजे अर्धा मिलिमीटर. नुसती जाड फळी म्हणजे टिकाऊ फळी नाही. आधी हा थर विचारा. खालची फरशी सपाट हवी, दोन मीटरमध्ये तीन मिलिमीटरपेक्षा जास्त चढ-उतार असेल तर सांधे तुटतात. भिंतीलगत फट सोडावीच लागते, कारण उन्हाने फळी वाढते. दुपारचं ऊन थेट येतं तिथे आम्ही पडदा लावला.

आपल्या सवयी बदलाव्या लागतात. बादली ओतून फरशी धुणं बंद. कामाला येणाऱ्या मावशींना हे पटायला महिना लागला, "धुतल्याशिवाय घर स्वच्छ कसं?" आता पिळलेला मॉप आणि सौम्य साबण, कडक फिनाईल नाही. रबराच्या पाठीचं पायपुसणं ठेवू नका, कायमचा पिवळा डाग पडतो. भावाकडे पडला आहे. रांगोळी म्हणजे दगडाचीच पूड, ती आधी झाडून घ्यायची, पायाने फरफटू द्यायची नाही. देव्हाऱ्याखाली आम्ही कडाप्पाचा तुकडा ठेवला, कारण निरांजन कलंडलं तर व्हिनाइलवर डाग नाही, खड्डाच पडेल. स्वयंपाकघरात आम्ही हे केलंच नाही. तिथे नारळ फुटतो, पाणी सांडतं, जड ओट्याखाली फळी अडकून बसते. तिथली लादी तशीच आहे.

आणि हे सगळं प्लास्टिक आहे, हे विसरू नये. सुरुवातीचे काही दिवस वास येतो, खिडक्या उघड्या ठेवाव्या लागतात. लहान मूल असेल तर थॅलेट नसलेला माल मागावा. ओल्या पायाने यावरूनही घसरता येतं, म्हणून खडबडीत पोताची फळी घेतली आणि बाथरूमच्या दाराशी सुती पायपुसणं ठेवलं.

आई आता भिंत धरत नाही. सकाळी चहा घेऊन स्वतः मागच्या दाराशी जाते. परवा ती बाबांना म्हणत होती की पाय गार पडत नाहीत, त्यामुळे रात्री नीट झोप लागते. बाबांनी आपल्या मोझेकचे दोन जादा नग अजून माळ्यावर जपून ठेवले आहेत. मी त्यांना काही बोलत नाही, कारण ती फरशी खाली शाबूत आहे आणि कोरडीही आहे.

आपल्यापैकी अनेकांच्या आईवडिलांची घरं आता तिशीला आली आहेत. दुरुस्तीचे निर्णय आपल्यावर येऊ लागलेत. दुकानात जाण्याआधी एकदा घरामागे जाऊन बघा, गच्चीचं पाणी कुठे पडतं ते. येत्या सप्टेंबरात दीड फूट प्लास्टिक आणि चिकटपट्टी, एवढाच खर्च आहे. थेंब जमले तर फळी थांबवा आणि आधी पाण्याला दुसरी वाट करून द्या.