अळीच्या पोटातील खानेसुमारी

प्राण्यांच्या आतड्यांत कोणते जीवाणू नांदतात याची नोंद ठेवणे हा माझा पोटापाण्याचा व्यवसाय आहे, आणि हे वाक्य उच्चारताच ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर जे स्मित उमटते त्याची मला आता सवय झाली आहे. या व्यवसायात शिरणाऱ्या प्रत्येकाच्या मनात आरंभी एक सिद्धान्त ठाण मांडून असतो : ज्याचा जसा आहार आणि जसा अधिवास, तसा त्याच्या उदरातील जीवाणूंचा गोतावळा. सिद्धान्त खोटा नव्हे. रानातल्या सांबराच्या पोटाच्या पहिल्या कप्प्यात जीवाणूंनी बिऱ्हाड केले नसते, तर गवताचा तंतू त्याच्या अंगी लागता ना. वानराच्या कप्पेदार जठरातही पाला असाच आंबतो, आणि इकडे बंगळूरच्या गच्च्यांवरून हिंडणाऱ्या माकडाचे जठर मात्र साधेच. परंतु २००८ साली ६० सस्तन जातींच्या विष्ठेतील जीवाणूंची तुलना प्रसिद्ध झाली तेव्हा, बहुतेकांची वाटणी आहाराप्रमाणे झाली असतानाही, जन्मभर बांबू चघळणारा पांडा आपल्या मांसभक्षक आप्तांच्याच पंक्तीला जाऊन बसलेला आढळला.

आहार आणि कूळ यांतील हा वाद फुलपाखराकडे नेला, तर निवाडा सोपा व्हावा अशी अपेक्षा होती. कारण एकच जीव अळी असताना बहुधा एकाच जातीच्या झाडाची पाने कुरतडतो आणि पंख फुटल्यावर नाना फुलांचा मध चाखतो. येथल्याच राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात दीपा आगाशे आणि कृष्णमेघ कुंटे यांनी सहकाऱ्यांसह १२ जातींची फुलपाखरे या दृष्टीने तपासली, आणि २०१८ मध्ये जे प्रसिद्ध केले ते पाहून पुष्कळांचा हिरमोड झाला असेल : अन्न पालटले तरी मोजक्याच जातींत जीवाणूंची घडण पालटली होती, आणि अळीच्या पोटात बहुतांशी तेच जीवाणू निघाले जे तिने खाल्लेल्या पानावर होते.

इंदिरानगरात, मेट्रोच्या पुलापासून हाकेच्या अंतरावर, बांधकामवाल्यांच्या नजरेतून सुटलेला एक भूखंड आहे, आणि त्यात कोणी न लावलेली रुईची झुडपे माजली आहेत; रथसप्तमीला शेजारचे कानडी गृहस्थ स्नानासाठी तिची पाने नेतात, आणि एरवी तेथे वहिवाट असते ती बिबळ्या कडवा या फुलपाखराच्या अळ्यांची. पांढऱ्या-काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची अशी एखादी अळी घेऊन, तिला मद्यार्काने व मग निर्जंतुक पाण्याने धुऊन, सूक्ष्मदर्शकाखाली पाठीवरून उभा छेद दिला, की आतून हिरवे, फुगीर, जवळजवळ सरळ असे आतडे दिसते. ते चिमट्याने अखंड उचलणे हीच काय ती आमची कारागिरी; किंचित जोर जास्त झाला की हिरवा रस सर्वत्र पसरतो आणि नमुना बाद करावा लागतो.

पुढचे काम डीएनए वाचणाऱ्या यंत्राचे, आणि हे यंत्र खानेसुमारीच्या कारकुनासारखे असते : त्या रात्री गावात जो सापडला त्याचे नाव दफ्तरी लागले, मग तो मिरासदार असो, धर्मशाळेतला वाटसरू असो, की वेशीवर पडलेले प्रेत असो, कारण मेलेल्या जीवाणूचे डीएनएही बिनदिक्कत वाचले जाते. म्हणूनच प्रत्येक खेपेस एक नळी रिकामी, केवळ रसायने घातलेली, सोबत पाठवावी लागते. तिच्यातही काही नावे निघतातच, आणि ती वजा करण्याचा कंटाळा करणाऱ्याच्या निष्कर्षांवर मी विश्वास ठेवत नाही.

यादीवरून मुक्काम सिद्ध होत नसेल, तर यादीतल्यांना हुसकावून पाहावे, हा मार्ग आगाशे-कुंटे यांच्याच गटाने घेतला. बिबळ्या कडवा आणि एरंडावर वाढणारे एक फुलपाखरू यांच्या अळ्यांना रसायनाने निर्जंतुक केलेली किंवा प्रतिजैविके लावलेली पाने घातली गेली. पोटातले जीवाणू लक्षणीय घटले, तरी २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या नोंदीनुसार अळ्यांचे जगणे, पचन, कोशाचे वजन यांत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. निरोगी अळ्यांच्या विष्ठेतले जीवाणू परत दिले, तरी वाढीत विशेष भर पडली नाही. रुईचा चीक विषारी, तेव्हा तो पचविण्यास जीवाणूंचा हातभार लागत असेल हा कयास मलाही फार प्रिय होता.

मग अळीला पाला पचतो कसा? तिच्या मध्यांत्रातला रस बहुधा तीव्र अल्कधर्मी असतो, त्यात फार थोडे जीवाणू तग धरतात. अन्नही काही तासांतच पार होते, त्यामुळे वस्तीला अवधी मिळत नाही. पेशी फोडून आतला रस तेवढा ती आपल्याच पाचकद्रव्यांनी शोषते, आणि सांबर ज्यासाठी तासन्‌तास रवंथ करते तो तंतू बहुतेक तसाच टाकून देते. म्हणूनच तिला अहोरात्र खावे लागते, आणि म्हणूनच ती असलेल्या झाडाखालची जमीन लेंड्यांनी भरून जाते.