बेचाळीस आणि सेहेचाळीस

क्रिकेटच्या इतिहासात काही आकडे असे आहेत की ते उच्चारताच, घरातील एखाद्या जुन्या अपमृत्यूची आठवण निघावी तशी ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर छाया पसरते. ४२ हा तसा आकडा आहे. २४ जून १९७४ रोजी लॉर्ड्सच्या मैदानावर अजित वाडेकर यांचा संघ अवघ्या १७ षटकांत ४२ धावांत गारद झाला. दोन आकडी धावा झाल्या त्या एकट्या एकनाथ सोलकरांच्या, आणि त्याही १८. पुढे पन्नास वर्षांनी, १७ ऑक्टोबर २०२४ रोजी, बंगळूरच्या ढगाळ हवेत रोहित शर्मा यांनी नाणेफेक जिंकून प्रथम फलंदाजी पत्करली आणि त्यांचा संघ ४६ धावांत आटोपला. मायदेशातील आपल्या कसोट्यांत एवढी अल्प धावसंख्या पूर्वी कधी झाली नव्हती.

योगायोगांत गूढ अर्थ शोधण्याची मला हौस नाही. तथापि एक गोष्ट नमूद केल्यावाचून राहवत नाही. १९७४ च्या त्याच दौऱ्यात मँचेस्टरची कसोटी वाडेकरांच्या संघाने ११३ धावांनी गमावली. २६ ऑक्टोबर २०२४ रोजी पुण्याजवळ गहुंजे येथे शर्मा यांचा संघ न्यूझीलंडकडून हरला, तोही ११३ धावांनीच. दोघेही मुंबईच्या मैदानांवर वाढलेले, दोघांच्याही डोक्यावर लोकांनी आधी फुले उधळलेली. पराभव कसे झाले याची चर्चा तज्ज्ञांनी करावी. मला कुतूहल आहे ते पराभवानंतरच्या दिवसांचे; ज्या दिवसांत कर्णधाराला बॅट किंवा चेंडू यांच्याशी नव्हे, तर माणसांच्या जिभेशी खेळावे लागते.

हे कुतूहल माझ्या मनात पाबळास उत्पन्न झाले. शिरूर तालुक्यातील या गावी माझ्या थोरल्या बहिणीचे घर आहे. २०२५ च्या जानेवारीच्या आरंभी मी तेथे चार दिवस राहिलो होतो. सिडनीची कसोटी चालू होती आणि शर्मा यांनी त्या सामन्यातून स्वतःस वगळून घेतले होते. ऑस्ट्रेलियातील तीन कसोट्यांच्या पाच डावांत मिळून त्यांच्या ३१ धावा झाल्या होत्या. ४ जानेवारीच्या सकाळी सातच्या सुमारास, सिडनीत उपाहाराची वेळ झाली असता, ते दूरचित्रवाणीसमोर येऊन बोलले. आपण निवृत्त झालो नाही, धावा होत नाहीत म्हणून संघाच्या हितासाठी हा एक सामना बाजूस राहिलो, आणि आपण केव्हा थांबावे हे हातात ध्वनिक्षेपक, लेखणी वा संगणक धरून बसलेल्यांनी ठरवावयाचे नाही, असा त्यांच्या बोलण्याचा मथितार्थ होता. पाबळच्या चहाच्या दुकानात एका मोबाइलच्या वीतभर पडद्यावर आम्ही दहाबाराजण ते पाहत होतो. थंडी कडाक्याची होती. ते बोलणे संपते न संपते तोच वादास तोंड फुटले.

माझ्या भाच्याचा पक्ष स्पष्ट होता. "मामा, ह्याला म्हणतात मर्द गडी. स्वतःच बाहेर बसला आणि स्वतःच येऊन सांगितलं. दुसऱ्याच्या तोंडून वदवलं नाही." बंगळूरलाही, तो म्हणाला, खेळपट्टी ओळखण्यात चूक माझीच झाली असे याच माणसाने त्याच दिवशी वार्ताहरांसमोर येऊन सांगितले होते. चूक झाली तर चूक म्हणायची, आणि बोलणारे हद्दीबाहेर गेले तर त्यांनाही सांगायचे. यात वावगे काय?

यावर तेथील एक निवृत्त शिक्षक, ज्यांना गावात सारे गुरुजी म्हणतात, त्यांनी उपरण्याने चष्मा पुसला आणि वाडेकरांचा दाखला काढला. १९७१ मध्ये वेस्ट इंडीज आणि इंग्लंड ही दोन राष्ट्रे त्यांच्याच भूमीवर हरवून आलेल्या कर्णधारास मुंबईने डोक्यावर घेतले होते. इंदूरने तर विजयाचे स्मारक म्हणून काँक्रीटची एक प्रचंड बॅट उभारून तीवर खेळाडूंची नावे कोरली. तीन वर्षांनी त्याच मुंबईत वाडेकरांच्या घरावर दगड पडले आणि इंदूरच्या त्या बॅटला काळे फासण्यात आले. "पण वाडेकरसाहेबांनी तोंड उघडलं का?" गुरुजींनी विचारले. "कर्णधारानं टीका गिळावी. समुद्रानं नदीचा गाळ गिळावा तशी."

उपमा सुंदर होती व मंडळी क्षणभर निरुत्तर झाली. परंतु गुरुजींच्या या सिद्धान्तास माझी संमती नाही. वाडेकरांनी गिळले, हे खरे. पण त्या गिळण्याचे फळ काय मिळाले? इंग्लंडहून परतल्यावर दुलीप करंडकासाठी निवडलेल्या पश्चिम विभागाच्या संघातूनही त्यांना वगळण्यात आले आणि वयाच्या ३३ व्या वर्षी त्यांनी खेळातून अंग काढून घेतले. ज्या कर्णधाराने लागोपाठ तीन मालिका जिंकून दिल्या होत्या, त्याला एका उन्हाळ्याच्या अपयशाने घरी बसवले. मौनाची थोरवी गाणारे बहुधा ते असतात ज्यांच्या खिडकीची काच फुटलेली नसते. वाडेकरांचे मोठेपण मला दिसते ते वेगळ्याच ठिकाणी. वीस वर्षांनी ते पुन्हा भारतीय संघाबरोबर उभे राहिले, व्यवस्थापक म्हणून. पुढे निवड समितीचे अध्यक्षही झाले. १३ मार्च १९९६ रोजी कलकत्त्यास विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात प्रेक्षकांनी बाटल्या फेकल्या व सामना श्रीलंकेस बहाल करावा लागला, तेव्हाही संघाचे व्यवस्थापक वाडेकरच होते. दगड आणि बाटली या दोहोंचा असा प्रत्यक्ष परिचय फार थोड्यांच्या वाट्यास आला असेल.

गुरुजींचा नियम सार्वत्रिक नाही याचे त्याहून जुने उदाहरण मी त्यांच्यापुढे ठेवले. पळवणकर बंधूंची कथा आता महाराष्ट्रास पुष्कळ ठाऊक झाली आहे. १९२० साली मुंबईच्या चौरंगी सामन्यांसाठी हिंदू संघ निवडताना पळवणकर बाळू यांना डावलण्यात आले. त्यांच्यासारख्या गोलंदाजास कर्णधारपद न देण्याचे कारण त्यांच्या जातीत होते, हे उघड गुपित होते. तेव्हा विठ्ठल व शिवराम या त्यांच्या बंधूंनी संघातून माघार घेतली आणि ती का घेतली हे जाहीरपणे सांगितले. त्यांनी समुद्रासारखे गिळून टाकावयास हवे होते काय? तीन वर्षांनी, १९२३ मध्ये, विठ्ठलच हिंदू संघाचे कर्णधार झाले व त्यांनी चौरंगी सामन्यांचे विजेतेपद मिळवून दाखवले. खेळावरील टीका आणि माणसावरील आघात यांत अंतर आहे; पहिलीला धावांनी उत्तर देता येते, दुसऱ्याला येत नाही. गुरुजींनी मान हलवली, पण ती होकाराची होती की नुसतीच ऐकून घेतल्याची, हे मला अद्याप कळलेले नाही.

टीका या शब्दाचेच पाहा. अध्यापनाच्या निमित्ताने त्याच्याशी माझा नित्याचा संबंध आहे. टीका म्हणजे मुळात स्पष्टीकरण. ग्रंथातील अवघड जागा वाचकास सुलभ करून देणे. कालिदासाच्या काव्यांवरील आपल्या टीकेस मल्लिनाथाने संजीवनी हे नाव दिले, म्हणजे जिववणारी. ज्ञानेश्वरी हीसुद्धा गीतेवरील टीकाच. तोच शब्द आज आपण असा वापरतो की टीका झाली म्हटले की कोणीतरी घायाळ झाले असेच समजावे. आमच्याच व्यवसायातील प्रा. दि. ब. देवधर हे पुण्यास स. प. महाविद्यालयात संस्कृत शिकवीत आणि महाराष्ट्राच्या संघाचे नेतृत्वही करीत. त्यांच्या कर्णधारपदाखाली १९३९-४० व १९४०-४१ अशी लागोपाठ दोन वर्षे रणजी करंडक महाराष्ट्राकडे आला. टीकेचे दोन्ही अर्थ या एका गृहस्थास जितके जवळून ठाऊक असतील तितके क्वचितच कोणास असतील. बंगळूरला कोणते फटके चुकले, नाणेफेकीनंतर काय करावयास हवे होते, हे सांगणारा मल्लिनाथाच्या कुळातला. पण २०२५ च्या मार्चमध्ये एका राजकीय पक्षाच्या प्रवक्तीने शर्मा यांच्या देहाच्या जाडीवर जाहीर शेरा मारला, त्याला कोणत्या कुळात घालावे? त्या वेळी शर्मा स्वतः काही बोलले नाहीत. त्याच आठवड्यात, ९ मार्च रोजी, दुबईस त्यांनी चॅम्पियन्स करंडकाच्या अंतिम सामन्यात ७६ धावा केल्या आणि करंडक घेऊन आले. म्हणजे जानेवारीत बोलणारा माणूस मार्चमध्ये गप्प राहिला. कोणत्या टीकेस कोणते उत्तर, याचा विवेक त्यांच्यापाशी आहे असे मी म्हणतो. भाचा म्हणतो की धावा झाल्या म्हणून बोलावे लागले नाही. त्याचेही अगदीच खोटे नसेल.

सुनील गावसकर यांचे नाव त्या सकाळी निघणे अपरिहार्यच होते. १९८५ च्या जानेवारीत कलकत्त्याच्या कसोटीत कपिल देव यांना संघातून वगळल्यामुळे आणि डाव घोषित करण्यास विलंब लावल्यामुळे तेथील प्रेक्षकांनी कर्णधार गावसकरांवर फळांचा वर्षाव केला. गावसकर हे विसरले नाहीत. १९८७ साली पाकिस्तानविरुद्धच्या कलकत्त्याच्या कसोटीत ते खेळलेच नाहीत. हा मानी स्वभाव पाहून मंडळींत दोन तट पडले. मला स्वतःला ते वागणे थोडे अतिरेकी वाटते. संत्री फेकणारे काही हजार, आणि शिक्षा झाली ती खेळ पाहू इच्छिणाऱ्या लक्षावधींना. मौजेची गोष्ट ही, की आज तेच गावसकर हातात ध्वनिक्षेपक धरून नव्या कर्णधारांच्या चुका दाखवतात. शर्मा यांचा रोख ज्यांच्यावर होता त्या मंडळींत एकेकाळचे कर्णधार थोडेथोडके नाहीत.

कांद्याचे एक आडते आमच्यात होते. त्यांना हा सारा वादच व्यर्थ वाटत होता. त्यांचे सोयरे संगमनेर तालुक्यात, आश्वी खुर्दकडे, आणि म्हणून अजिंक्य रहाणे हा त्यांच्या मते घरचा माणूस. "ॲडलेडला ३६ मध्ये खुर्दा झाला, नंतर संघ हाती आला आमच्या अजिंक्यच्या. बोलला का? वाद घातला का? मेलबर्नला ११२ काढल्या, मालिका जिंकली, घरी आला, तर लोकांनी कांगारूचा केक आणला होता, तोसुद्धा कापला नाही." रहाणे यांनी तो केक नाकारला, हे खरे आहे. सिडनीस प्रेक्षकांनी सिराज यांना उद्देशून वर्णवाचक अपशब्द काढले तेव्हा मैदान सोडून जाण्याची मुभा असता, आम्ही खेळावयास आलो आहोत असे सांगून ते उभे राहिले, हेही खरे. परंतु आडत्यांच्या ध्यानी एक गोष्ट आली नाही. त्या प्रसंगी रहाणे गप्प बसले नव्हते. खेळ थांबवून त्यांनी ती गोष्ट पंचांच्या कानी घातली होती. सौम्य माणूस बोलला की ते बोलणे लोकांच्या लक्षात राहत नाही.

पाबळच्या मातीत असला वाद रंगावा यात मला थोडे औचित्यही दिसले. गावात मस्तानीची समाधी आहे. लोकापवादाने पुणे शहरात जेवढे शब्द त्या एका स्त्रीवर खर्च केले असतील तेवढे क्वचितच कोणावर केले असतील. आणि तिच्याकरिता ज्याच्यावर बोट ठेवले गेले तो तर रणांगणावर न हरलेला सेनापती. तेथे जिंकूनही भागले नाही.

हे सर्व बोलणे चालू असता एक तरुण बाकाच्या टोकाला पेला दोन्ही हातांत धरून बसला होता. उन्हाळ्यात पंचक्रोशीत टेनिसच्या चेंडूने सामने होतात. त्यांत आदल्या वर्षी तो गावच्या संघाचा कर्णधार होता आणि अंतिम सामना हरला होता. शेवटचे षटक त्याने ज्या मुलाला दिले, त्याच्यावर वीस धावा निघाल्या. भाच्याने मला मागाहून सांगितले की त्यानंतर सहा महिने दूध घालायला गेला तरी कोणीतरी त्याला त्या षटकाचे विचारी. समोर हसून, आणि पाठ फिरल्यावर निराळ्या सुरात. शेवटचे षटक दिले तो मुलगा त्याचा चुलतभाऊ होता, एवढे निमित्त जिभांना पुरेसे होते.

गुरुजींनी त्याला विचारले, "काय रे, तुझं काय मत? बोलावं की गप्प बसावं?"

तो म्हणाला, "रोहितला बरं आहे, गुरुजी. त्याला एकदा टीव्हीवर सांगता येतं. आम्ही कुणाकुणाच्या दारी जाऊन सांगायचं?"

यावर कोणीच काही बोलले नाही. उपाहार संपला होता. मंडळी पुन्हा पडद्याकडे वळली. आमच्या वादाची सारी उदाहरणे ज्यांच्यापाशी उत्तर देण्याचे साधन होते अशा माणसांची होती, हे माझ्या त्या वेळी प्रथम लक्षात आले. कोणाजवळ बॅट होती, कोणाजवळ वृत्तपत्र. शर्मा यांच्याजवळ दोन्ही होती. ७ मे २०२५ रोजी कसोटीतून निवृत्त होताना त्यांना चार ओळी पुरल्या, आणि ऑक्टोबरमध्ये एकदिवसीय संघाचेही कर्णधारपद काढून घेतल्यावर, त्याच सिडनीत, २५ तारखेस, १२१ धावा काढून ते नाबाद परतले. चुलतभावाला षटक देणाऱ्यास सिडनी मिळत नाही.

पुढच्या उन्हाळ्यात सामने झाले तेव्हा मी पुण्यास होतो. भाच्याचा दूरध्वनी आला. तो तरुण खेळला, तिसऱ्या क्रमांकावर आला, १६ धावा केल्या. कर्णधार कोण होता, असे मी विचारले. भाचा हसला. तिघांनी नको म्हटल्यावर चिठ्ठ्या टाकाव्या लागल्या होत्या.