साडेपाच तासांचं गणित

कॉम्प्युटरचं घड्याळ चुकलं की आपण लगेच काटे सरकवून मोकळे होतो. माझं म्हणणं, आधी ते किती चुकलंय हे बघा. दुखणं बहुतेक वेळा त्या आकड्यातच सापडतं.

रोज एक-दोन सेकंदांचा फरक? सोडून द्या. मदरबोर्डवरच्या घड्याळाचा क्रिस्टल सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. त्यात दहा लाखांत वीसची गफलत झाली तरी दिवसाला पावणेदोन सेकंद होतात. बंद करून चालू केल्यावर तारीखच काही वर्षं मागे? मग आतला बटणासारखा सेल संपत आलाय. आणि बरोब्बर साडेपाच तासांचा फरक? मग मशीनमध्ये बहुतेक काहीच बिघडलेलं नाही!

माझा मामेभाऊ इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, होस्टेलवर राहतो. लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही. गेल्या सेमिस्टरला त्याने प्रोजेक्ट संध्याकाळी सव्वासातला जमा केला, मुदत रात्री बाराची. पण गिटमधल्या शेवटच्या नोंदीवर वेळ होती दुसऱ्या दिवशीची, रात्री १२:४०. सरांनी उशीर झाला म्हणून निम्मे मार्क कापले. वर "तारीख खोटं बोलत नाही" हे ऐकवलं. दुकानवाल्याने लॅपटॉप बघून मदरबोर्ड बदलायला सांगितला. मग मला फोन.

"दादा, आईशप्पथ, मी सातलाच टाकलं होतं."

"घड्याळ किती पुढे आहे?"

"साडेपाच तास. रीस्टार्ट केलं की होतं."

तर भानगड अशी. लॅपटॉप बंद असताना वेळ सांभाळतं ते मदरबोर्डवरचं घड्याळ. त्याला टाइमझोन वगैरे काही कळत नाही, नुसता आकडा ठेवतं. विंडोज डॉसच्या काळापासूनच्या सवयीने त्यात स्थानिक वेळ लिहितं. लिनक्स साधारणपणे तोच आकडा यूटीसी समजतं आणि भारतासाठी त्यात साडेपाच तास मिळवतं. म्हणजे विंडोजमधून उठून लिनक्समध्ये गेलात की ७:१० चे १२:४०! नेट असेल तर लिनक्स वेळ दुरुस्त करून घेतं, पण होस्टेलच्या नेटवर्कवर वेळ जुळवणारा एनटीपीचा पोर्टच बंद होता.

आता हे सरांना पटवायचं कसं? कॉलेजच्या सर्व्हरचं घड्याळ वेगळं. त्याच्या लॉगमध्ये प्रोजेक्ट पोचल्याची वेळ ७:१५ होती. म्हणजे फाइल तयार व्हायच्या जवळजवळ साडेपाच तास आधी सर्व्हरवर पोचली! भावाने लॉग मागवला, सरांसमोर लॅपटॉप रीस्टार्ट करून घड्याळाची उडी दाखवली. सर भले माणूस. मार्क परत मिळाले, मदरबोर्डचे पैसेही वाचले.

इलाज सोपा आहे. दोघांपैकी एकाला दुसऱ्याचं ऐकायला लावायचं. विंडोजच्या रजिस्ट्रीत 'रिअल टाइम इज युनिव्हर्सल' ही नोंद १ केली की तेही यूटीसी मानतं. किंवा लिनक्सला स्थानिक वेळ मानायला सांगता येतं. आपल्याकडे उन्हाळ्यात घड्याळं पुढे करायची भानगड नाही, त्यामुळे तेही चालून जातं. पण दोन्ही एकदम करू नका. तसं केलंत तर भांडण तसंच राहील, फक्त बाजू बदलतील.

आणि हे भांडण काही नवीन नाही बरं का. १९०६ मध्ये देशासाठी एक प्रमाणवेळ ठरली, तरी मुंबईत कित्येक वर्षं ३९ मिनिटं मागे असलेला 'बॉम्बे टाइम' चालूच होता. घड्याळं दोन्ही ठीक, पण कुठलं धरून चालायचं हे ठरलं नसेल तर गाडी चुकणारच.

म्हणून कुणाच्या नोंदीत वेळ चुकलेली दिसली तर माणसावर संशय घेण्याआधी एक वजाबाकी करा. उत्तर साडेपाच आलं, तर तो माणूस बहुधा खरं बोलतोय.