रामटेकच्या वाटेवर

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ अंशांवर असताना वृद्ध मातोश्रींना श्री शांतिनाथांच्या दर्शनासाठी जुन्या पद्मिनीतून रामटेकला नेत होतो. कन्हानजवळच्या कोंडीत गाडी बंद पडली. न जुळणाऱ्या हिशेबातील नोंदींप्रमाणे एकेक बाब तपासली. स्टार्टर फिरत होता, ठिणगी ठीक होती. परंतु एअर फिल्टर काढून अ‍ॅक्सिलरेटर दाबला, तरी कार्ब्युरेटरच्या घशात पेट्रोलची धार दिसेना. इंजिनाच्या उष्णतेने पंपातील पेट्रोलची वाफ झाली होती. चोक ओढणे व्यर्थ होते. मातोश्रींनी आपल्या तांब्यातील गाळलेले पाणी पुढे केले. पंपावर ओले फडके ठेवून अर्धा तास थांबलो. गाडी सुरू झाली आणि सूर्यास्तापूर्वी दर्शन घडले. तांब्या मात्र रिकामा होता.