माथ्यावरचं रान

माथ्यावर रान आहे म्हणून ते माथेरान. नावाची ही फोड आपल्याला शाळेच्या सहलीपासून पाठ असते. पण त्या माथ्याच्या पायथ्याशी काय आहे, असं विचारलं की बहुतेकांची गाडी नेरळच्या पुढे जात नाही. तर पायथ्याशी चौकही आहे. १८५०च्या मे महिन्यात ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट चौकला मुक्कामाला होते, तिथूनच ते वर चढले आणि साहेबलोकांना हिल स्टेशन सापडलं.

जुन्या मुंबई-पुणे हायवेवर पनवेलपासून वीसेक किलोमीटर. कर्जतकडे वळायचा फाटा इथलाच. एकीकडे नेढं असलेला इर्शाळगडाचा सुळका, खाली मोरबे धरणाचं पाणी आणि वर माथेरानचं वन ट्री हिल. उजाड टेकाड, त्यावर एकुलतं एक झाड. आमच्या ग्रुपमधल्या तिशीतल्या एका मित्रानं त्याच्याकडे बघत टोपी काढली आणि म्हणाला, "हा तर माझाच पासपोर्ट फोटो!"

हसलात? मग सांगा, सकाळी बाथरूमच्या जाळीत अडकलेले केस तुम्ही शेवटचे कधी मोजलेत? गाडीत आम्ही पाच जण आणि पाचही जणांच्या घरी रोझमेरी ऑइलची बाटली निघाली. त्यामुळे गेल्या पावसाळ्यात फाट्याजवळ तेलाचं एक टेबल दिसलं, तेव्हा गाडी थांबणारच होती. काळपट हिरवं तेल, बाटलीवर कमरेखाली केस असलेल्या बाईचा फोटो आणि वर ठळक अक्षरांत ‘आदिवासी’. किंमत हजाराच्या घरात. मित्राचा हात पाकिटाकडे गेलासुद्धा.

हे ‘आदिवासी हेअर ऑइल’ तुम्ही मोबाइलवर पाहिलं असेल. त्याचं मूळ रायगडात नाही. कर्नाटकात, म्हैसूरजवळच्या हुणसूर तालुक्यात हक्कीपिक्की समाजाच्या वस्त्या आहेत. हक्की म्हणजे पक्षी. हे लोक एकेकाळचे पक्षी पकडणारे. शिकारीवर बंदी आल्यावर जडीबुटी आणि तेल हा त्यांचा धंदा झाला, आणि रील्सच्या जमान्यात तो जोरात चालला. खरे हक्कीपिक्की विकतात तोवर ठीक, पोटापाण्याचा प्रश्न आहे. पण आता ते लेबल कोणीही छापतो.

बाटली उघडून वास घेतला. खोबरेल, माका, थोडा कापूर. हे घरी आजी उकळायची त्या जातीचं तेल. एसेन्शियल ऑइल वेगळं. तिथे एसेन्शियल म्हणजे अत्यावश्यक नव्हे, त्यातला शब्द ‘एसेन्स’ आहे. पानं-फुलं वाफेवर धरायची आणि वाफेबरोबर उडून येणारा वास थंड करून थेंबाथेंबानं गोळा करायचा. लांब कशाला, चहाच्या टपरीमागे गवती चहाचं बेट होतं. पात चुरगळली की बोटांना लागतो तो वास म्हणजेच त्याचं एसेन्शियल ऑइल. (याच कुळातल्या रोशा गवताचं तेल पूर्वी खानदेशात भट्ट्या लावून काढत. तिकडून ते पार तुर्कस्तानात जाई आणि गुलाबाच्या अत्तरात भेसळीला वापरलं जाई. वासाच्या धंद्यात चलाखी जुनीच आहे.)

आता मुद्द्याचं. या वासांनी केस येतात का?

पुरावा अगदीच नाही असं नाही, पण आहे तो थोडा आहे. १९९८ साली स्कॉटलंडमध्ये, अ‍ॅबर्डीनला, चाई पडलेल्या ८६ जणांवर प्रयोग झाला. एका गटाला थाइम, रोझमेरी, लव्हेंडर आणि सीडरवुडची तेलं मिसळून दिली, दुसऱ्याला नुसतं साधं तेल. रोज मसाज, सात महिने. पहिल्या गटात ४४ टक्के लोकांना फरक पडला, दुसऱ्यात १५ टक्के. झकास! पण चाई म्हणजे आपल्याच शरीराची प्रतिकारशक्ती केसांवर उलटते तो आजार. मित्राचं कपाळ दरवर्षी मागे सरकतंय, ते प्रकरण निराळं. त्या प्रकारच्या टकलावर २०१५ मध्ये इराणमध्ये रोझमेरी तेलाची मिनॉक्सिडिलशी तुलना झाली. शंभर माणसं, सहा महिने. दोन्हींचा निकाल जवळपास सारखा. सगळ्या रील्सचा जन्म या एका अभ्यासातून झालाय. त्यात मिनॉक्सिडिल होतं दोन टक्क्यांचं, म्हणजे सौम्य, आणि काहीच औषध न दिलेला तिसरा गट नव्हताच. पहिल्या तीन महिन्यांत तर दोन्हीकडे नाव घेण्यासारखा फरक दिसला नव्हता. पेपरमिंटचं कौतुक होतं ते २०१४च्या कोरियातल्या प्रयोगामुळे. तो उंदरांवर होता.

कोंड्याची गोष्ट जरा बरी. २००२ साली ऑस्ट्रेलियात १२६ जणांना चार आठवडे पाच टक्के टी ट्री ऑइलचा शाम्पू दिला, तेव्हा ४१ टक्के सुधारणा दिसली. साध्या शाम्पूनं ११ टक्के. आणि २०१५ साली थायलंडमध्ये ३० जणांवर चक्क गवती चहाच्या तेलाचा टॉनिक वापरून पाहिला. दोन आठवड्यांत कोंडा बराच कमी झाला. प्रयोग छोटा, पण टपरीमागच्या त्या बेटाकडे मी नंतर जरा आदरानं पाहिलं.

उलट कोंडा असताना डोकं तेलात बुडवून ठेवणं हा शुद्ध वेडेपणा. कोंड्यामागे असलेली मॅलासेझिया नावाची यीस्ट डोक्यावरच्या तेलावरच पोसते. त्यात चौकचा पाऊस, हेल्मेट आणि ओले केस. तिची दिवाळीच.

मग खोबरेलाचं काय? २००३ साली मुंबईच्या मॅरिकोच्या संशोधकांनी दाखवलं, की खोबरेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना-विंचरताना केसातलं प्रोटीन कमी झिजतं. सूर्यफूल आणि मिनरल ऑइलला ते जमलं नाही. पॅराशूट विकणारी हीच कंपनी, तेव्हा ‘आपला तो बाब्या’ असणारच, पण अभ्यास नीट आहे. फक्त तो आहे त्या केसाबद्दल बोलतो. नवीन केसाबद्दल नाही.

चौकच्या बाजारात एक ठाकर मावशी कंटोली घेऊन बसल्या होत्या. पांढरे पण दाट केस, घट्ट अंबाडा. विचारलंच.

"मावशी, केसांना काय लावता?"

"खुरासणीचं तेल. घान्यावरचं. जेवनात तेच, डोक्याला तेच."

"केस गळत नाहीत?"

"गळतात ना ताई. पोरगी झाली तवा मूठ-मूठ गेले. मंग आले परत."

"काय लावलंत तेव्हा?"

"काय लावनार? पोर बघायची का केस?"

बाळंतपण, टायफॉइड, डेंग्यू, कोविड, क्रॅश डाएट. शरीराला असा दणका बसला की दोन-तीन महिन्यांनी केस भराभर गळतात आणि सहाएक महिन्यांत बहुतेकांचे आपोआप परत येतात. नेमकी त्याच काळात आपण बाटली आणतो. श्रेय बाटलीला.

मावशींच्या मागे इर्शाळगड ढगात होता. १९ जुलै २०२३च्या रात्री त्याच्या अंगावरची इर्शाळवाडी दरडीखाली गेली. ठाकरांची वाडी. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसं मिळालीच नाहीत. वाचलेल्यांसाठी खाली नानिवलीत नवी घरं झाली. त्या डोंगराकडे पाठ करून लावलेल्या टेबलावर ‘आदिवासी’ हा शब्द हजाराला विकला जात होता. मला ते खटकलं.

केस का गळतात हे तेलवाला विचारत नाही, डॉक्टर विचारतो. जानेवारी २०२५ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात गावंच्या गावं केसगळतीनं हादरली होती. तीन-चार दिवसांत टक्कल. तेव्हा याच रायगडातल्या महाडचे, विंचूदंशावरच्या कामानं जगभर माहीत झालेले डॉ. हिंमतराव बावस्कर तिकडे गेले आणि त्यांनी बोट दाखवलं ते रेशनच्या गव्हातल्या जादा सेलेनियमकडे. डोक्यावर जे दिसत होतं त्याचं कारण ताटात होतं. तुमच्या-माझ्या बाबतीत ते बऱ्याचदा कमी झालेलं लोह असतं, थायरॉइड असतं, नाहीतर वडिलांकडून-आईकडून आलेला वारसा. वारशाच्या टकलात केसांची मुळं हळूहळू बारीक होत जातात. तिथे वासाच्या तेलावर घालवलेलं वर्ष महागात पडतं, बाटलीच्या किमतीपेक्षा कितीतरी. मित्रानं पाकीट आत ठेवलं आणि कर्जत येईपर्यंत स्किन स्पेशालिस्टची अपॉइंटमेंट घेतली.

वास आवडत असेल तर खुशाल वापरा. दोन चमचे खोबरेलात चार-पाच थेंब, त्याहून जास्त नको. नुसतं एसेन्शियल ऑइल थेट डोक्यावर घातलं तर आग होते, पुरळ येतं. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस थांबा. गरोदर असाल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

आणि चौकला जाच. पनवेल-कर्जत रेल्वेमार्गावर चौक स्टेशन आहे, पण गाडीची वेळ बघून निघा. पावसात इर्शाळगडाकडे जायचा विचार असेल तर आधी गावात चौकशी करा. बाजारात खुरासणी दिसली तर पावशेर घ्या. खुरासणी म्हणजे आपले कारळे. भाजून, लसूण नि सुकी मिरची घालून चटणी फर्मास होते.