वहींत नसलेलें नांव

त्र्यंबकेश्वरीं मी गेलों तो वडिलांच्या श्राद्धाकरितां. नाशिकपासून तें क्षेत्र अवघें 28 किलोमीटर. पण ब्रह्मगिरीवर उतरलेले भाद्रपदांतले ढग दिसूं लागले, आणि आपण आपल्या काळांतून निघून पूर्वजांच्या काळांत चाललों आहों, असें मला वाटूं लागलें. विधि आटोपल्यावर तीर्थोपाध्यायांनीं तांबड्या कापडांत गुंडाळलेली लांबट वही सोडली. "आडनांव कोणतें? मूळ गांव कोणतें?" एवढ्या दोन प्रश्नांवर आमचें पान निघालें. पणजोबांची मोडी सही, तिच्याखालीं आजोबांची, मग वडिलांची. माझा ऊर भरून आला. ज्याच्या मागें इतकीं माणसें उभीं आहेत तो पोरका कसा?

मग मीं आत्याचें नांव विचारलें. सोळाव्या वर्षीं विधवा होऊन माहेरीं परतलेली ती माउली आमच्या घराचा कणा होती. वडिलांचें शिक्षण तिच्याच कष्टांवर झालें. त्या पानावर ती नव्हती.

उपाध्याय सौम्यपणें म्हणाले, "लेक परकुळांत गेली. तिचें नांव सासरच्या पानावर पाहावें."

"तिकडचें कोणी आलेंच नसेल तर?"

"मग नाहीं."

मी कुशावर्ताच्या पायरीवर येऊन बसलों. विद्यार्थिदशेंत मी मानवशास्त्र शिकलों होतों. त्या शास्त्राचा महाराष्ट्रांत पाया घालणाऱ्यांत डॉ. इरावती कर्वे ह्या अग्रगण्य. 1939 सालीं त्या पुण्याच्या डेक्कन कॉलेजांत आल्या, आणि माणसांचीं नातीं हा त्यांच्या तेथील संशोधनाचा एक मोठा विषय झाला. उपाध्याय विचारतात, तुम्ही कोणाचे? कर्वेबाई विचारीत, तुम्ही कोणाला काय म्हणतां? प्रश्न बदलला कीं वहीचें पानहि बदलतें. नात्यांचे शब्द आणि विवाहाचे नियम पारखून त्यांनीं 1953 च्या आपल्या ग्रंथांत भारताचे चार भाग पाडले. महाराष्ट्रांत पुष्कळ जातींत मामाची मुलगी करतां येते, पण आत्याची नाहीं. उत्तरेकडे गांवची लेक मोकळेपणीं वावरते, सून मात्र घुंगट घेते. अशा घरगुती बाबींतून त्यांनीं स्त्रीचें जगणें शास्त्राच्या कक्षेंत आणलें. माझी आत्या धड लेकहि राहिली नव्हती, धड सूनहि झाली नव्हती.

कर्वेबाईंच्या हातीं मोजपट्टीहि होती. 1930 सालीं बर्लिन येथें त्यांनीं मानवी कवटीच्या दोन बाजूंच्या असमानतेवर प्रबंध पुरा केला. अमुक वंश श्रेष्ठ ह्या तेथील गुरूंच्या कल्पनेस त्या कवट्यांनीं दुजोरा दिला नाहीं, आणि बाईंनीं तसें लिहिलें. पुढें 1968 सालीं कैलाश मल्होत्रा यांच्यासह प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत त्यांनीं महाराष्ट्रांतील आठ ब्राह्मण पोटजाती पारखल्या. एकाच नांवाखालीं मोडणारे हे समूह शरीरलक्षणांत एकमेकांहून वेगळे आढळले. ज्यांस आपण एका खोडाच्या फांद्या समजतों, तीं निरनिराळीं झाडें असूं शकतात! मघां पणजोबांच्या सहीनें फुगलेला माझा ऊर जरा खालीं बसला.

वहीला आपण जेवढें विचारावें तेवढेंच ती सांगते. संशोधकाच्या टिपणवहीचीहि गत तीच; मोजमापाच्या रकान्यांत आत्याचे कष्ट कोठें मावणार? तेव्हां काय विचारावयाचें, ह्याची जबाबदारी अखेर विचारणाराचीच.

मी परत गेलों. "वडिलांच्या नांवाखालीं, त्यांना वाढविणारी बहीण म्हणून, आत्याचें नांव घालतां येईल काय?"

उपाध्याय थोडा वेळ गप्प राहिले. मग लेखणी माझ्यापुढें करून म्हणाले, "पान तुमचें आहे. तुम्हींच लिहा."

मीं लिहिलें. हात कांपल्यानें एक अक्षर वांकडें आलें. तें मीं तसेंच राहूं दिलें.